ग्वारीघाटची घडीवाली मैया

माझी आई माझ्या भावाने नर्मदेत सोडली. राख नाही म्हणत मी, राख तर बाबांनीच सोडली होती, मी कॉलेजात होते तेव्हा. भावाने फोटो सोडला. तिचा एकुलता एक फोटो. आणि हे त्याने मला फोनवर सांगितलं, तेही नव्या घराच्या टाइल्स आणि किचनच्या ओट्याच्या मधे कुठेतरी, ओघात आलं म्हणून.

तो फोटो कसा निघाला होता ते आधी सांगते. बाबा फॅक्टरीत होते. एका रविवारी त्यांनी आईला सदर बाजारात सिनेमा दाखवायला नेलं आणि तिकिटं मिळाली नाहीत. आई नटूनथटून निघालेली, तिचा हिरमोड नको म्हणून बाबांनी तिला तिथल्याच एका स्टुडिओत नेऊन खुर्चीवर बसवलं. फोटोवाला म्हणाला, हात फार रिकामे दिसतात. बाबांनी काय करावं, स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या हातात घातलं. पुरुषी, मोठ्या तबकडीचं. ते ढिलं होतं, कोपरापर्यंत घसरायचं. म्हणून आईने ते दुसऱ्या हाताने धरून ठेवलंय आणि ओठ दाबून हसू आवरलंय, तेवढ्यात फोटो निघाला. माझी आई मला आठवते ती त्या फोटोमुळेच. खरी आई आठवायला जावं तर स्वयंपाकघरातली पाठ आठवते.

बाबा गेल्यावर आमची वाटणी झाली. बाबांचा फोटो माझ्याकडे विजय नगरला, आईचा धाकट्या भावाकडे. आई मुलाच्या घरात शोभते, असं तेव्हा काकू म्हणाल्या आणि मी मान डोलावली. एक कॉपी काढून दे, म्हणून मी त्याच्या मागे किती लागले. ताई, देतो ना, काढून देतो, असं म्हणत त्याने वर्षं घालवली. मी स्वतः मोबाईलवर काढायला गेले तर काचेवर ट्यूबलाईट चमकायची, नेमकी आईच्या तोंडावर. तसला एक फोटो आहे माझ्याकडे. घड्याळ स्पष्ट, पदर स्पष्ट, तोंडाच्या जागी उजेड.

तर भावाने महाराजपुरला नवं घर बांधलं. वास्तुशास्त्रवाले एक गुरुजी आले, खिशातून होकायंत्र काढून घरभर फिरले आणि म्हणाले, गेलेल्यांचा फोटो दक्षिणेच्या भिंतीवरच पाहिजे, बाकी कुठे लावाल तर घरात कटकट. आता दक्षिणेच्या भिंतीवर टीव्ही आधीच लागलेला. त्याच्या भोवती लाकडाचं ते मोठं कपाट, आतून निळे लाईट. टीव्ही हलवायचा की आई, असा प्रश्न आला, आणि माझ्या भावाने आई हलवली.

"सन्मानाने सिरवली, ताई," तो म्हणाला. "नाव केली, मंझधारेत गेलो, हार घालून सोडली."

आमच्या जबलपुरात पवित्र वस्तू नदीत सोडण्याला सिरवणं म्हणतात. इथले हिंदीवाले म्हणतात, त्यांचं ऐकून आम्ही मराठीही म्हणतो. मी त्याला विचारलं, काहून रे, मला काहून नाही दिला? तर म्हणे, सुचलंच नाही. सुचलं नाही. महाराजपुरहून ग्वारीघाटापर्यंत गाडी काढून जायचं सुचलं, वाटेत माझं घर आहे ते सुचलं नाही. मी म्हटलं, मी जाते शोधायला. तर हा मलाच शिकवायला लागला.

"ताई, सिरवलेली वस्तू परत घरात आणत नाहीत. अपशकुन असतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन ठेवला.

पण मी काही उगीच शोधायला जाते म्हटलं नव्हतं. मला एक गोष्ट माहीत होती, जी त्याला माहीत नव्हती. घाटावर तेव्हा ते गोरे लोक होते.

रिटायर झाल्यापासून मी आठवड्यातून दोनदा तरी सकाळी घाटावर जाते. तिथे मी त्यांना दीड-दोन महिने बघत होते. चौघं होते. तीन तरुण पोट्टे-पोट्टी आणि एक पांढऱ्या केसांची बाई, माझ्याच वयाची असेल. संगमरवरी खडक बघायला म्हणून दोन दिवस आले आणि राहिले. बाई पोर्तुगालची, समुद्रकाठच्या गावची. तिच्या गावात पर्यटक येऊन वाळूवर घाण करतात, आणि ती न् तिच्या मैत्रिणी दर रविवारी ती उचलतात, असं तिने मला एकदा सांगितलं. इंग्रजी तिचंही मोडकं, माझंही मोडकं, म्हणून आमचं जमलं. हिंदीचे दहा-बारा शब्द ती शिकली होती. त्यात पहिला शब्द पन्नी. प्लास्टिकच्या पिशवीला आमच्याकडे पन्नी म्हणतात, आणि ग्वारीघाटावर काम करायचं तर भाषा तिथूनच सुरू होते.

गुडघाभर पाण्यात उतरून ते लोक हातांनी कचरा काढायचे. काय नाही निघायचं? तडकलेल्या काचेचे देव. मागच्या वर्षीची कॅलेंडरं, कारण त्यावर लक्ष्मी. लग्नाच्या पत्रिकांचे गठ्ठे, कारण कोपऱ्यात गणपती. चुनऱ्या, नारळ, थर्माकोलचे द्रोण, अगरबत्तीचे पुडे, आणि हे सगळं पन्नीत बांधून, वर गाठ मारून. कचऱ्यात टाकलं तर पाप, नर्मदेत टाकलं तर पुण्य. आई म्हणता ना तिला? मैया, मैया म्हणून गळा काढता, आणि घरातलं जे कुठेच ठेववत नाही ते आईच्या पदरात. तोंडात नर्मदे हर, हातात पन्नी.

आणि आमचे लोक काय करत होते? बघत होते. पायऱ्यांवर चहा पीत बसून बघत होते. कोणी त्यांच्यासोबत फोटो काढून घेत होतं, कोणी व्हिडिओ करत होतं की बघा, विदेशी लोक आपल्या मैयाची सेवा करून राहिले. एक भला माणूस तर मी स्वतः पाहिला. घरून निर्माल्याची पन्नी घेऊन आला होता. गोऱ्या पोट्ट्याच्या हातात पोतं दिसल्यावर त्याने ती पन्नी त्याच्या हातात दिली, थँक्यू म्हणाला आणि हात जोडून निघून गेला. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, अशी त्या पोट्ट्याची गत. त्याला वाटलं, माणूस मदत करायला आला. तोही थँक्यू म्हणाला.

एक दिवस नेताजी आले. चौघांना हार घातले, भाषण झालं, कॅमेरे झाले. हार प्रत्येकी एकेका पन्नीतून आले होते. नेताजींची गाडी गेली आणि त्या चार पन्न्या वाऱ्याने उडत पाण्यात गेल्या. ती पोर्तुगालची बाई गळ्यात हार तसाच ठेवून पाण्यात उतरली आणि त्या चारही काढल्या. लाज मला वाटली. तिथे आणखी कोणाला वाटली असेल तर दिसली नाही.

देवांच्या फोटोंवरून सुरुवातीलाच भांडण झालं होतं. पहिल्या आठवड्यात एका माणसाने आरडाओरडा केला की हे लोक गणपती पोत्यात भरून राहिले. स्वतः टाकणाऱ्याला कोणी काही म्हणालं नाही, काढणाऱ्याला धरलं. चोराच्या उलट्या बोंबा. तेव्हापासून त्या लोकांनी एक रीत ठेवली. देव पोत्यात नाही भरायचे. फ्रेम स्वच्छ धुवायची, फुटकी काच सांभाळून काढायची, आणि घाटाच्या वरच्या भिंतीला ओळीने टेकवून ठेवायची. ज्याचा असेल त्याने न्यावा. बिचारे. त्यांना वाटलं, लोक आपले देव न्यायला येतील.

ती ओळ माझ्या डोक्यात होती. फ्रेम आहे, काच आहे, कोणीतरी काढलीच असेल तर भिंतीपाशी असेल. मंझधारेत सोडली असेल तर आशा नाही, हेही मला कळत होतं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी ऑटो केला आणि ग्वारीघाट गाठला.

भिंतीपाशी पोचले तर तिथे गर्दी. गुडघा धरल्यामुळे दहा-पंधरा दिवस मी घाटावर फिरकले नव्हते, तेवढ्यात आमच्या लोकांनी त्या ओळीचं मंदिर करून टाकलं होतं. ज्या फ्रेमा घरात नकोत म्हणून पाण्यात टाकल्या, त्याच भिंतीला टेकलेल्या दिसल्यावर लोकांनी त्यांना हात जोडायला सुरुवात केली. नारळ फुटत होते, अगरबत्त्या लागत होत्या, अगरबत्तीचे रिकामे पुडे तिथेच पडत होते. दिव्याचे द्रोण विकणारी एक बाई आपली टोपली उचलून खालून वर येऊन बसली होती. धंदा तिथे जास्त.

आणि ओळीच्या मधोमध, दोन शंकर आणि एका साईबाबांच्या मधे, माझी आई.

मनगटावर बाबांचं घड्याळ. ओठ दाबून हसू आवरलेलं. काचेवर कपाळाच्या जागी कुंकवाचा मोठा टिळा, फ्रेमला झेंडूचा हार, पुढे नारळ. एक खेड्यातली म्हातारी जमिनीवर डोकं टेकवून तिच्या पाया पडत होती. मी त्या म्हातारीला विचारलं की हे कोण आहे. ती म्हणाली, "घड़ी वाली मैया हैं, बेटा. जिसका समय खराब चल रहा हो, उसका सुधार देती हैं।"

हसावं का रडावं कळेना. माझी आई, जिला आयुष्यात कधी कोणी विचारून चहा दिला नाही, जिला सिनेमाचं तिकीटसुद्धा मिळालं नाही, ती लोकांचा काळ सुधारत बसली होती. आणि तिच्या पोटच्या पोराला तिच्यासाठी एक खिळा ठोकता आला नाही. मी पुढे झाले आणि फ्रेमला हात घातला.

झालं. द्रोणवाली बाई ओरडली, दीदी, चढ़ी हुई मैया को मत छेड़ो. दोन-तीन पुरुष उठले. एकाने माझं मनगट धरलं. मी म्हटलं, ही माझी आई आहे. तो म्हणाला, मैया तो सबकी माँ हैं. मी म्हटलं, अरे, तशी आई नाही, ही माझी, माझ्या घरातली, आमच्या बापाने सदरला फोटो काढून आणलेली. कोण ऐकतो? मी मूर्ती चोरायला आले आहे असं कोणीतरी मागून म्हणालं, आणि मागच्याने म्हटलं की पुढच्याला ते खरंच वाटतं. मी फ्रेम सोडली नाही. माझा आवाज किती चढला होता ते मला माहीत नाही, पण नावाडी नावा सोडून वर आले.

तेवढ्यात ती पोर्तुगालची बाई पोतं टाकून धावत आली, कोपरापर्यंत चिखल. तिला काय चाललंय ते विचारायची गरज पडली नाही. तिने त्या माणसाचा हात माझ्या मनगटावरून काढला, फ्रेम माझ्या हातातून हळूच घेतली आणि माझ्या तोंडाशेजारी धरली. बस. एवढंच केलं.

लोक फोटोकडे बघत, मग माझ्याकडे बघत. मीही रागाने ओठ दाबूनच उभी होते, तिच्यासारखीच. म्हातारी पहिली बोलली, "अरे, बिटिया है।" गर्दी दोन पावलं मागे सरली. मला वाटलं, मिटलं. तर ती म्हातारी वाकली आणि माझ्या पायांना हात लावला. तिच्यामागे दुसरी वाकली. मैयाची मुलगी ना मी आता. मी इतकी चिडले की त्या दोघींना दंड धरून उभं केलं आणि सांगितलं, माझ्या पाया पडू नका, त्या बाईचं पोतं धरा. त्यांनी मला हात जोडले. पोतं कोणी धरलं नाही.

नंतर पायरीवर बसून मी त्या बाईला विचारलं की ही कुठे मिळाली. मधल्या धारेत कोणाच्या जाळ्यात आली का? तिने मान हलवली आणि मला खाली नेऊन दाखवलं. पायऱ्या संपतात तिथेच, जिथे लहान पोरं डुबकी मारतात, तिथे. पन्नीत होती, गाठ बांधलेली, आत जराही ओल शिरलेली नाही, म्हणून फोटो टिकला. सोबत काय होतं, तेही तिला आठवत होतं, कारण काचेने तिचं बोट कापलं होतं. पट्टी बांधलेलं बोट वर करून तिने आपल्या दहा-बारा हिंदी शब्दांतले तीन निवडले.

"बल्ब, कैलेंडर, मम्मी."

फुटका बल्ब, जुनी कॅलेंडरं आणि आई. एका पन्नीत. नाव नाही, मंझधार नाही, हार नाही. हार घालणारे ते घाटावरचे अनोळखी लोक होते. माझा भाऊ घर हलवताना निघालेला कचरा टाकायला घाटावर गेला होता आणि पायऱ्याही नीट न उतरता टाकून आला होता. त्या बाईच्या बोटाकडे बघून मला रडू आलं. सॉरी म्हणाले मी तिला. तिला वाटलं, मी बोटासाठी सॉरी म्हणून राहिले.

आई घरी घेऊन जायची घाई होती, तरी मी तासभर तिथेच राहिले. फ्रेम पायरीवर ठेवली, पदर खोचला आणि पन्न्या काढल्या. पुण्य म्हणून नाही. हात शिवशिवत होते, कोणाला तरी मारण्यापेक्षा हे बरं. वर चहा पिणाऱ्यांपैकी एकाने विचारलं, आंटी, आप कौन सी संस्था से हो? मी सांगितलं, इसी शहर से हूँ. त्याला ते उत्तर कळलं नाही. निघताना पाहिलं तर भिंतीपाशी आईची जागा रिकामी होती, आणि त्या रिकाम्या जागेवर लोक कुंकू वाहत होते.

थोड्या दिवसांनी ते चौघं गेले. त्यांचा व्हिसा संपत आला होता. आता रविवारी आम्ही तिघी जातो, मी आणि कॉलनीतल्या दोघी, एक पंजाबी आणि एक बंगाली. आमच्यासोबत कोणी फोटो काढून घेत नाही. आम्ही गोऱ्या नाही ना. आम्हाला लोक सफाईवाल्या समजतात आणि पायाशी पडलेली पन्नी बोटाने दाखवतात, वो भी उठा लो, म्हणून.

आई माझ्या हॉलमध्ये आहे, बाबांच्या शेजारी. कोणती दिशा येते ते मी बघितलं नाही. काचेवरचा टिळा पुसला नाही. अनोळखी लोकांनी का होईना, मान दिला होता तिला.

भावाला मी फोन केला नाही. त्याला भावजयीकडून कळलं, तिला कॉलनीतून कळलं. पितृपक्षात, आईच्या तिथीच्या आदल्या दिवशी तो आला. सोफ्यावर बसला, चहा घेतला, माझ्या गुडघेदुखीची चौकशी केली. मग मुद्द्यावर आला. गुरुजी म्हणाले, उद्या पाटावर फोटो ठेवला तर बरं. ताई, एक दिवसासाठी दे, संध्याकाळी आणून देतो. हे बोलताना तो आईकडे बघत नव्हता, कपबशीकडे बघत होता.

मी म्हटलं, देईन. पण आधी एक सांग. तू नाव केली होतीस ना, मंझधारेत गेला होतास, हार घातला होतास?

हो, तो म्हणाला, ताई, सांगितलं होतं ना.

"अन् बल्ब?" मी विचारलं. "बल्ब पण सन्मानानेच सिरवला काय रे?"

त्याचा चेहरा पडला. माझा धाकटा भाऊ, पन्नाशी ओलांडलेला, आता नातू येईल घरात. लहानपणी चोरून साखर खाल्ल्यावर जसा उभा राहायचा, तसा तो माझ्या हॉलमध्ये उभा राहिला. मला दया आली असं मी खोटं लिहिणार नाही. आली नाही. मग म्हणाला, त्या दिवशी खूप सामान होतं, ताई. मी म्हटलं, हो, आई पण सामानातच होती.

दारापर्यंत गेला आणि परत वळला. फोटो नेऊ का, असं त्याने पुन्हा विचारलं, अगदी हळू.

"नाही," मी म्हटलं. "सिरवलेली वस्तू परत घरात नेत नाहीत. तूच म्हणाला होतास."

त्याने खिशातून मोबाईल काढला आणि भिंतीसमोर उभा राहिला. वर ट्यूबलाईट लागलेली होती. ती बंद करून द्यायला मी उठले नाही.